मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी: आरओपी, तीस दिवसांची मुदत आणि मोफत उपचार

तुमचे बाळ सातव्या-आठव्या महिन्यात जन्मले असेल, त्याचे वजन खूप कमी असेल किंवा त्याला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. अशा बाळांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला एक आजार होऊ शकतो. त्याला डॉक्टर 'रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी' किंवा थोडक्यात 'आरओपी' म्हणतात. वेळेत तपासणी झाली तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचवता येते. वेळ निघून गेली तर बाळ कायमचे अंध होऊ शकते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आरओपी बाहेरून दिसत नाही. बाळाचे डोळे स्वच्छ व टपोरे दिसत असले तरी आतमध्ये आजार असू शकतो.
- पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झाली पाहिजे. फारच लहान बाळांची तपासणी दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यात करावी लागते.
- हे दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, दवाखान्यातून घरी आल्यापासून नाही.
- एकदा तपासणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. डॉक्टर 'आता येण्याची गरज नाही' असे लिहून देईपर्यंत जात राहायचे.
- सरकारी योजनांमधून तपासणी व उपचार मोफत मिळू शकतात.

आरओपी म्हणजे काय?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण जे पाहतो त्याचे चित्र या पडद्यावर उमटते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आईच्या पोटात, गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढू लागतात. त्या डोळ्याच्या मागच्या मध्यभागातून निघून हळूहळू पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचतात. नाकाकडच्या बाजूला त्या साधारण ३६ आठवड्यांना आणि कानाकडच्या बाजूला पूर्ण दिवस भरतेवेळी, म्हणजे ४० आठवड्यांच्या सुमारास पोहोचतात.

बाळ लवकर जन्मले तर हे काम अर्धवट राहते. पडद्याच्या कडेचा भाग रक्तवाहिन्यांशिवाय असतो. पुष्कळ बाळांमध्ये ही वाढ जन्मानंतर आपोआप पूर्ण होते. काही बाळांमध्ये मात्र रक्त न पोहोचलेला भाग उपाशी राहतो आणि तिथे नव्या, नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. त्यांतून रक्तस्राव होतो, त्यांच्याभोवती चिवट जाळे तयार होते आणि ते जाळे पडद्याला ओढू लागते. ओढ वाढली की पडदा आपल्या जागेवरून सुटतो. पडदा पूर्ण सुटला की दृष्टी परत मिळवणे फार अवघड असते. हे सारे काही आठवड्यांत घडते. काही बाळांमध्ये तर काही दिवसांतच आजार झपाट्याने वाढतो.

ऑक्सिजनमुळे आरओपी होतो का?

हा प्रश्न अनेक पालकांना पडतो आणि त्यातून नाहक भीती निर्माण होते. या आजाराची पहिली नोंद १९४२ साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत श्रीमंत देशांमध्ये हजारो मुदतपूर्व बाळे अंध झाली. पेटीतील बाळांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला जात होता हे त्यामागचे मोठे कारण होते, असे नंतर समजले. मग ऑक्सिजन फारच कमी केला गेला. आरओपी कमी झाला, पण बाळांचे मृत्यू आणि मेंदूचे विकार वाढले.

यावरून डॉक्टर शिकले ते असे: ऑक्सिजन हे औषध आहे आणि ते मोजूनच द्यायचे. आता बाळाच्या हाताला किंवा पायाला लहानसे यंत्र लावून रक्तातील ऑक्सिजन सतत पाहिला जातो. ऑक्सिजनवर असलेल्या मुदतपूर्व बाळात हे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. म्हणून बाळाला ऑक्सिजन देण्यास कधीही नकार देऊ नका. तो बाळाचा जीव वाचवतो. ऑक्सिजन दिला असेल तर डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही, एवढे मात्र पक्के ठरवा.

ऑक्सिजन हे एकमेव कारण नाही. रक्तातील जंतुसंसर्ग, श्वास मधेच थांबणे, रक्त चढवावे लागणे आणि जन्मानंतर वजन नीट न वाढणे यांमुळेही धोका वाढतो. आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा कुणाच्या नजरेचा याच्याशी काही संबंध नाही. आईला दोष देऊ नका.

कोणत्या बाळांची तपासणी झालीच पाहिजे?

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर तपासणी आवश्यक आहे:

- बाळाचे जन्माच्या वेळचे वजन २ किलोपेक्षा कमी होते.
- बाळ ३४ आठवडे पूर्ण होण्याआधी, म्हणजे ढोबळ मानाने आठवा महिना पूर्ण होण्याआधी जन्मले.
- बाळ ३४ ते ३६ आठवड्यांचे होते, पण त्याला ऑक्सिजन लागला, श्वासाचा त्रास झाला, जंतुसंसर्ग झाला, रक्त चढवावे लागले किंवा त्याचे वजन वाढत नव्हते.
- बालरोगतज्ज्ञांना कोणत्याही कारणाने धोका वाटला.

परदेशांत ही तपासणी मुख्यतः दीड किलोपर्यंतच्या बाळांसाठी असते. भारतात मात्र त्याहून जास्त वजनाच्या बाळांनाही गंभीर आरओपी झालेला दिसतो. म्हणून आपल्याकडे मर्यादा जास्त ठेवली आहे. 'आमचे बाळ पावणेदोन किलोचे होते, तसे बरेच होते' असे समजून तपासणी टाळू नका.

पहिली तपासणी केव्हा?

सर्वसाधारण नियम: जन्मापासून ३० दिवसांच्या आत. हिंदीत यासाठी 'तीस दिन रोशनी के' अशी घोषणा वापरली जाते.

अतिलहान बाळांसाठी नियम: २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मानंतर २ ते ३ आठवड्यांत.

दिवस कसे मोजायचे, हे दोन उदाहरणांवरून पाहा.

उदाहरण १: बाळ ५ मार्च रोजी ३१ व्या आठवड्यात जन्मले, वजन १४०० ग्रॅम. त्याची तपासणी ४ एप्रिलपर्यंत झाली पाहिजे. त्याला २९ मार्चला घरी सोडले, तर हातात फक्त सहा दिवस उरतात.

उदाहरण २: बाळ १० जून रोजी २७ व्या आठवड्यात जन्मले, वजन ९५० ग्रॅम. त्याची तपासणी २४ जून ते १ जुलै या काळात झाली पाहिजे. असे बाळ त्या वेळी बहुधा दवाखान्यातच असते. तेव्हा तपासणी तिथेच झाली पाहिजे. 'घरी गेल्यावर बघू' असे म्हणून थांबू नका.

सव्वा महिना आणि माहेर

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. ही पद्धत आईला विश्रांती मिळावी आणि बाळाला संसर्ग होऊ नये या हेतूने चांगली आहे. पण आरओपीच्या तपासणीची मुदत सव्वा महिना भरण्याआधीच संपते. घरातील वडीलधाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा. आजारी बाळाला आपण सव्वा महिन्यातही दवाखान्यात नेतोच. ही तपासणी तितकीच तातडीची आहे. बाळाला नीट गुंडाळून, टोपी-मोजे घालून न्या. आईने येणे उत्तम, कारण तपासणीनंतर बाळाला लगेच छातीशी घेऊन दूध पाजता येते. आईला येणे जमत नसेल तर बाळाचे वडील, आजी किंवा मावशीही नेऊ शकतात.

दुसरी अडचण गाव बदलण्याची. बाळंतपण माहेरी होते, बाळाची फाईल त्या गावच्या दवाखान्यात राहते आणि महिन्याभरात आई-बाळ सासरी जातात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्या कुटुंबांचेही असेच होते. तपासणीची तारीख अशा प्रवासातच हरवते. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि माता व बाल संरक्षण कार्ड कायम सोबत ठेवा, त्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नव्या गावी पोहोचल्यावर तिथल्या आशाताईंना पहिल्याच दिवशी भेटा.

आशाताई बाळाच्या ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी भेट देतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. डोळ्यांच्या तपासणीबद्दल २१ व्या दिवसाच्या भेटीपर्यंत नक्की विचारा. २८ व्या दिवशी विचारले तर दोनच दिवस उरतात.

तपासणीच्या दिवशी काय होते?

१. तपासणीच्या साधारण एक तास आधी बाळाला दूध पाजणे थांबवायला सांगतात. पोट भरलेले असेल तर तपासणीच्या वेळी बाळ उलटी करू शकते. नेमकी वेळ दवाखान्यात विचारून घ्या.
२. बाळाच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. परिणाम व्हायला पाऊण ते एक तास लागतो. त्यामुळे दवाखान्यात निदान अर्धा दिवस जाईल असे धरून चला.
३. डोळा बधिर करणारा थेंब टाकून, पापण्या एका लहान साधनाने उघड्या ठेवून डॉक्टर भिंगातून पडदा तपासतात. काही ठिकाणी विशेष कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढून ते तज्ज्ञांकडे पाठवतात.
४. तपासणीला काही मिनिटेच लागतात. बाळ रडते, कारण त्याला घट्ट धरलेले आवडत नाही. पाहताना जीव कासावीस होतो, पण यामुळे डोळ्याला इजा होत नाही.
५. तपासणी संपल्यावर बाळाला जवळ घ्या. दूध केव्हा पाजायचे ते नर्सताईंना विचारा. डोळे थोडे लाल दिसू शकतात, ते एक-दोन दिवसांत कमी होते.

निघण्यापूर्वी पुढील तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या.

अहवालात काय लिहिलेले असते?

अहवालात 'झोन' आणि 'स्टेज' असे शब्द असतात. रक्तवाहिन्या पडद्यावर कुठपर्यंत पोहोचल्या आहेत हे झोनवरून कळते. झोन १ म्हणजे अगदी मध्यभाग, झोन ३ म्हणजे कडेचा भाग. आजार मध्यभागाच्या जितका जवळ, तितका धोका जास्त.

स्टेज म्हणजे आजाराची पायरी:

- स्टेज १: रक्तवाहिन्या असलेला आणि नसलेला भाग यांमध्ये बारीक रेषा दिसते.
- स्टेज २: त्या रेषेचा उंचवटा होतो.
- स्टेज ३: उंचवट्यावर नव्या, चुकीच्या रक्तवाहिन्या फुटतात.
- स्टेज ४: पडदा काही भागात सुटतो.
- स्टेज ५: पडदा पूर्ण सुटतो.

'प्लस' असा शब्द लिहिला असेल तर रक्तवाहिन्या फुगलेल्या व नागमोडी झाल्या आहेत. ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी उपचार बहुधा लगेच लागतो.

स्टेज १ आणि २ चा आजार पुष्कळ बाळांमध्ये आपोआप बरा होतो. तरीही तो वाढतो आहे की मावळतो आहे, हे फक्त पुढच्या तपासणीतच कळते. ही तपासणी आठवड्याने किंवा दोन-तीन आठवड्यांनी असू शकते, कधी त्याहून लवकरही असते.

उपचार कोणते?

लेझर: पडद्याच्या ज्या कडेच्या भागात रक्तवाहिन्या पोहोचलेल्या नाहीत, त्या भागावर लेझर किरण देतात. त्यामुळे नव्या चुकीच्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबते. कडेचा थोडा भाग गमावून मधली, महत्त्वाची दृष्टी वाचवली जाते. डोळ्यावर टाके पडत नाहीत. नंतर काही दिवस पापण्यांना सूज राहू शकते.

डोळ्यातील इंजेक्शन: काही बाळांना, विशेषतः आजार मध्यभागात असेल तर, रक्तवाहिन्यांची चुकीची वाढ रोखणारे औषध डोळ्यात देतात. यानंतर आजार काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून इंजेक्शन दिलेल्या बाळाच्या तपासण्या जास्त काळ चालतात.

शस्त्रक्रिया: पडदा सुटू लागला तर मोठ्या नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया करतात. स्टेज ५ मध्ये शस्त्रक्रिया करूनही दृष्टी फारशी मिळत नाही.

'उपचार करावा लागेल' असे डॉक्टरांनी सांगितले तर तो साधारण ४८ ते ७२ तासांत व्हावा लागतो. पैशांची जुळवाजुळव, घरातील कार्य किंवा चांगला दिवस पाहण्यासाठी थांबू नका.

कोणत्या योजनांचा लाभ मिळतो?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम: ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार यात होतात. आरओपी या योजनेच्या यादीत आहे. जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात शिशु काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, येथे चौकशी करा. जिल्ह्यात तज्ज्ञ नसतील तर तुम्हाला योजनेशी जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. पाठवताना चिठ्ठी मागून घ्या.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम: जून २०११ पासून सुरू. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात औषधे, तपासण्या व उपचार मोफत मिळतात. घरून रुग्णालयात नेणे, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणे आणि परत घरी सोडणे यासाठी वाहनही मोफत आहे. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर विचारा.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना: पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. आरओपीच्या उपचारांचा यात समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांना कार्ड दाखवा आणि नवजात बाळासाठी कोणती कागदपत्रे लागतील ते विचारा. मदत क्रमांक १४५५५.

राज्यांच्या योजना: महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी तिथल्या राज्य योजनेची माहिती सरकारी रुग्णालयात घ्यावी.

सोबत ठेवायची कागदपत्रे: डिस्चार्ज कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, बाळाचा जन्मदाखला किंवा जन्माची नोंद, आई-वडिलांचे आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड. एखादे कागदपत्र नसले तरी तपासणी थांबवू नका. आधी तपासणी करा, कागदपत्रे नंतर पूर्ण करता येतात.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी हे विचारा

- माझ्या बाळाला आरओपी तपासणीची गरज आहे का?
- ती झाली आहे का? झाली असेल तर कागद कुठे आहे?
- झाली नसेल तर कोणत्या तारखेला आणि कोणत्या रुग्णालयात जायचे?

ही तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. हे विचारणे तुमचा हक्क आहे. तमिळनाडूत १९९६ साली जन्मलेल्या एका मुदतपूर्व मुलीच्या पालकांना या तपासणीबद्दल सांगितलेच गेले नव्हते आणि ती अंध झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. भरपाई मिळाली, पण दृष्टी परत आली नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाळ दिव्याकडे बघते. तरी तपासणी हवी का?
हो. सुरुवातीच्या आजारात बाळ उजेडाकडे बघू शकते. बाहुली पांढरी दिसणे, डोळा तिरळा होणे, आईच्या चेहऱ्याकडे न पाहणे ही लक्षणे दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

तीस दिवस उलटून गेले आहेत. आता काय करावे?
आजच जा. उशीर झाला म्हणून घरी बसू नका. काही बाळांमध्ये उपचाराची वेळ अजूनही हातात असू शकते.

जुळी बाळे आहेत. एकाला आजार नाही, तर दुसऱ्याचे काय?
दोघांचीही स्वतंत्र तपासणी करा. एका बाळाच्या अहवालावरून दुसऱ्याचे ठरवता येत नाही.

डोळ्यांत काजळ, मध, एरंडेल तेल किंवा आईचे दूध घालावे का?
नाही. यामुळे संसर्ग होऊ शकतो आणि आरओपीला काहीही फायदा होत नाही. आईचे दूध पाजा आणि बाळाला छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवा. बाळाच्या वाढीला त्याचाच उपयोग होतो.

आजार बरा झाला. आता डोळ्यांची काळजी संपली का?
नाही. अशा मुलांना पुढे चष्म्याचा मोठा नंबर, तिरळेपणा किंवा एका डोळ्याची दृष्टी मंद राहणे असे त्रास होऊ शकतात. शाळेत जाण्याआधीपासून दरवर्षी डोळे तपासून घ्या.

दृष्टी गेली असेल तर?
डीईआयसीमध्ये लवकर नाव नोंदवा. स्पर्श, आवाज आणि हालचालींतून शिकण्याचे प्रशिक्षण जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. दिव्यांगत्व प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड काढा. त्यावर शिक्षणाच्या व इतर सवलती मिळतात.

आज करायचे काम

बाळाची जन्मतारीख कागदावर लिहा. त्यात तीस दिवस मिळवा. येणारी तारीख दिनदर्शिकेवर ठळक करा आणि आशाताईंना फोन करा. बाळ २८ आठवड्यांच्या आतले किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल, तर तीसऐवजी चौदा दिवस मिळवा. त्या तारखेपासून आठवडाभरात तपासणी करून घ्या.